नऊ तास चाळीस मिनिटांची झोप

या हिवाळ्यात मी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांची झोप मोजत होते. असं कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे नक्की काय करत होतीस?" मला अजूनही त्याचं एका वाक्यात उत्तर देता येत नाही. प्रकल्प जमा करून पंधरा दिवस झाले. खोलीवर परत आले की पाठ टेकते, पण डोळा लागत नाही. म्हणून जे झालं ते लिहून काढते आहे. नावं कुणाचीच लिहीत नाही.

मी जालन्याला बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय मानसशास्त्र. गाव जाफराबाद तालुक्यातलं. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच. त्यामुळं घरी फोनवर काही सांगायचं म्हणजे आधी मलाच ते नीट समजून घ्यावं लागतं. प्रकल्पाचा विषय ठरला त्या दिवशी मी अण्णांना, म्हणजे वडलांना, फोन केला.

"झोप मोजून राह्यलीस?" अण्णा म्हणाले. "मंग त्याला कालेजात कशाला जायला पायजे? आम्हाला ईचारलं असतं तरी सांगितलं असतं. तुझा चुलता रोज दहा तास झोपतो, लिव्ह."

मागून काकांचा आवाज आला, "अन् ह्यो बैलगाडीवर बसूनच पेंगतो, ते बी लिव्ह म्हणाव!"

दोघं बराच वेळ हसत राहिले. मीही हसले. पण मला जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं.

मला सांगायचं होतं ते असं. मुलं किती झोपतात हे मला शोधायचं नव्हतं. मला शोधायचं होतं की झोप मोजायच्या निरनिराळ्या पद्धती एकमेकींशी किती जुळतात. आमच्या मॅडमनी तीन पद्धती दिल्या होत्या. पहिली, मुलानं रोज सकाळी स्वतः एका कागदावर लिहायचं, किती वाजता झोपलो, किती वाजता उठलो. त्याला आम्ही झोपेची डायरी म्हणत होतो. दुसरी, आईला विचारायचं. आणि तिसरी, मुलाच्या मनगटावर एक घड्याळ बांधायचं. ते हाताची हालचाल टिपतं, आणि हालचाल थांबली की माणूस झोपला असं धरतं. एकाच मुलाची तीन उत्तरं घ्यायची, सात दिवस, आणि शेजारी शेजारी मांडायची.

"मॅडम, यातलं खरं कोणतं धरायचं?" मी विचारलं होतं.

"तेच तर तुला लिहायचंय," मॅडम म्हणाल्या.

मी मान हलवली, पण मनात माझं आधीच ठरलं होतं. खरं घड्याळाचं. आमच्याकडं यंत्रानं सांगितलं की पुढं कुणी बोलत नाही. कापसाच्या वजनकाट्यानं सांगितलं, डॉक्टरच्या पंपानं रक्तदाब सांगितला, संपलं. माणसाला काही लपवायचं असतं, विसरायचं असतं. यंत्राला काय असतं?

मॅडमनी कुठूनतरी मागून आणलेली सहा घड्याळं होती, म्हणून मुलंही सहाच घ्यायची ठरली. काळा रबरी पट्टा, ना काटे, ना आकडे. मॅडमनी एकाची किंमत सांगितली तेव्हा मी हातातलं घड्याळ टेबलावर परत ठेवलं. "आधी स्वतः दोन रात्री घालून बघ," त्या म्हणाल्या. मी घातलं. दोन्ही रात्री टॉवेलाची घडी करून त्यावर हात ठेवला आणि कूस बदलली नाही. सकाळी खांदा दुखत होता. हे मी मॅडमना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, कारण पुढं जे झालं त्याचं मूळ तिथंच होतं.

शाळा मिळाली ती हसनाबादच्या पुढच्या एका गावातली. माझी मावशी तिथं राहते, म्हणून मुक्कामाची सोय होती. नववीचे वर्गशिक्षक, त्यांना मी इथं नुसतं सर म्हणते, त्यांनी लगेच परवानगी दिली. सहा मुलंही त्यांनीच निवडली. "दोन हुशार, दोन मधले, दोन आमचं डोकं खाणारे," असं वर्गातच मोठ्यानं म्हणाले. मग खिडकीजवळच्या एका मुलीकडं बोट केलं.

"ही पहिली घे. हिची झोप मोजता मोजता तुझं मशीन थकंल!"

वर्ग खदाखदा हसला. ती मुलगीही हसली, कपाळावर बाकाच्या कडेचा वळ घेऊन. नुकतीच उठली होती. तिच्या वडलांची गावात छोटी बेकरी आहे. टोस्ट, खारी, नानकटाई. घरात उर्दू बोलतात, पण ती पहिलीपासून मराठी शाळेत. तिच्या मनगटावर मी घड्याळ बांधलं तेव्हा तिच्या हाताला वेलदोड्याचा वास येत होता.

"ताई, यात टाइम कुठं दिसतो?"

"यात वेळ दिसत नाही. हे तुझी झोप बघतं."

"मंग ह्याला सरांच्या तासाची पण दिसंल का?" ती हळूच म्हणाली, आणि शेजारचीनं तिला कोपर मारलं.

सहाही मुलांना मी सांगितलं, घड्याळ सात दिवस काढायचं नाही, अंघोळीला फक्त काढायचं. हे मी एकदा सांगितलं. आणि घड्याळ फार महाग आहे, जपा, खरचटू देऊ नका, हे मी तीनदा तरी सांगितलं. शिवाय एका कागदावर पालकांची सही मागितली. त्यावर ओळ होती, 'घड्याळ हरवल्यास किंवा तुटल्यास जबाबदारी आमची राहील.' ही ओळ मॅडमनी दिलेल्या कागदात नव्हती. ती मी घातली होती. मला भीती वाटत होती.

त्या दिवशी निघताना सरांनी मला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. त्यांच्या खणात त्या मुलीच्या पालकांच्या नावे लिहून ठेवलेला एक अर्ज होता. नुसती सही बाकी होती. नववीनंतर शाळेतून दाखला काढून घ्यायचा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसायचं, असा तो अर्ज. शाळेचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या मुलांना असं सुचवतात, हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. सतरा नंबर म्हणजे शाळेत यायचं नाही, घरी अभ्यास करायचा. घरी कुणी अभ्यास करू देत नाही. माझ्या वर्गातल्या दोन मुलींनी तो फॉर्म भरला होता. त्या परीक्षेला बसल्या की नाही हे मला ठाऊक नाही. त्यांची लग्नं झाली एवढं ठाऊक आहे.

सर वाईट नव्हते. रोज सकाळी साडेसातला ते नववीचा जादा तास घ्यायचे, कुणी सांगितलेलं नसताना. मला म्हणाले, "मला बी बरं वाटत न्हाई. पण पोरगी पहिल्या तासाला डोकं टेकवती ते मधल्या सुट्टीलाच उचलती. आजार असंल तर सांग, मी स्वतः दवाखान्यात नेतो. आळस असंल तर मंग मी काय करू? तुझं मशीन सांगंल ना बराबर?"

"हो सर, सांगेल," मी म्हणाले. त्या 'हो'चा मला नंतर फार त्रास झाला. विचार न करता, एकदम तोंडातून गेला होता.

आठवडाभरात मी सहाही घरी जाऊन आले. आयांना विचारायचे प्रश्न माझ्याकडं छापलेले होते. एक आई म्हणाली, "झोपतंय कुठं, मोबाईलच्या उजेडात बसतंय पाखरासारखं." दुसरी म्हणाली, "म्या दिवसभर कापूस येचून येते बाई, पडले की मेले. पोरगं कधी झोपतं ते त्यालाच ईचार." मी प्रत्येकीला अंदाजे तरी आकडा सांगा म्हणून विनवत होते, कारण रकान्यात आकडाच लिहायचा होता.

बेकरीवाल्या घरी गेले तेव्हा दुपार होती. अंगणातली भट्टी गार होती आणि त्या मुलीची आई, मी त्यांना चाची म्हणू लागले, टोस्टचे काळे पत्रे फडक्यानं पुसत होती.

"चाची, ही रोज किती तास झोपते?"

"आठ घंटे," चाची पत्र्यावरून मान वर न करता म्हणाल्या. "बराबर आठ."

"रोज आठच?"

"रोज. मी काय खोटं सांगू राह्यले का, बेटा? चाय पी."

मुलगी दारात उभी होती. ती माझ्याकडं नाही, आईकडं बघत होती. मी चहात टोस्ट बुडवून खाल्ला आणि आठ लिहिलं. ही बेकरी चालते तरी कधी, हा प्रश्न मला सुचला नाही. छापलेल्या कागदावर तो नव्हता.

मग डायऱ्या गोळा केल्या. सहापैकी पाच डायऱ्यांत सातही दिवस एकाच शाईनं, एकाच बैठकीत भरलेले दिसत होते. दहाला झोपलो, सहाला उठलो, दहाला झोपलो, सहाला उठलो. सहावी डायरी त्या मुलीची. तिच्यात कधी पेन, कधी पेन्सिल, दोन ठिकाणी तेलाचे डाग. आकडेही विचित्र. अकरा वाजून दहा मिनिटांनी झोपले, तीनला उठले. कागदावर दोनच मोकळ्या जागा होत्या, झोपायची एक, उठायची एक. तिनं मात्र बाजूच्या कोऱ्या पट्टीत बारीक अक्षरात आणखी लिहिलं होतं, 'साडेपाच ते साडेसहा.' आणि चार दिवसांपुढं नुसता एक शब्द, 'शाळेत.'

मला वाटलं, हिला कागद कसा भरायचा ते कळलं नाही. खरं सांगायचं तर त्याहून वाईट वाटलं. मला वाटलं, सर रागावतात म्हणून ही कमी तास लिहून दया मागते आहे.

कॉलेजात घड्याळं संगणकाला जोडली. मॅडम त्या दिवशी परीक्षेच्या कामावर होत्या, मी एकटीच होते. बाकीच्या काही मुलांच्या रेषा काट्याकुट्यांसारख्या निघाल्या, काही मधेच सपाट, काही कशाही. त्या मुलीची रेषा मात्र सातही रात्री स्वच्छ. रात्री नऊला सपाट व्हायची, सकाळी सहा चाळीसला उठायची. मधे एक काटा नाही. नऊ तास चाळीस मिनिटं. मी तीन वेळा हिशेब केला. एवढं नीटनेटकं उत्तर माझ्या हातून पहिल्यांदाच आलं होतं आणि मला, लाज वाटते लिहायला, आनंद झाला.

सरांनी दोनदा फोन करून विचारलं होतं. मी त्याच संध्याकाळी त्यांना सांगून टाकलं, आईनं आठ सांगितलेत तेही आणि घड्याळाचा आकडाही.

"नऊ?" सर म्हणाले. "अन् वर चाळीस मिनिटं? मला सहा तास मिळत न्हाईत गं." मग थोडं थांबून, "बरं झालं, सांगितलंस. उद्या तिच्या आईला बोलावतो. उगं जीवाला घोर होता, पोरगी आजारी हाय का काय."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी कागद बघितले. त्या मुलीच्या रेषेवर त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"ही सात रात्रींत एकदाही हलली नाही?"

"गाढ झोपते मॅडम. वर्गातसुद्धा झोपते."

"जिवंत माणूस झोपेत हलतं. डास चावतो, पाय खाजतो, कूस बदलतं. कधीच न हलणारं काय असतं सांग?"

मी रेषेकडं पुन्हा बघितलं.

"हे मनगट नाही," मॅडम म्हणाल्या. "हे टेबल आहे. नाहीतर कपाट."

मॅडम रागावल्या नव्हत्या. "जाऊन विचारून ये," एवढंच म्हणाल्या. मी सरांना फोनवर सांगून बसले आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना सांगायचा धीर मला तिथं झाला नाही. मी थेट बसस्टँडवर गेले. बस हसनाबादपर्यंतच मिळाली, पुढं जीप. जीप भरेपर्यंत ड्रायव्हर हलेना. मी मागच्या फळीवर बसून मनातल्या मनात वाक्य जुळवत होते, आणि प्रत्येक वाक्यात चूक दुसऱ्या कुणाची तरी निघत होती.

चाची घरात होत्या. मुलगी शाळेतून नुकतीच आली होती आणि दप्तर उशाला घेऊन चटईवर पडली होती. मला बघून उठून बसली.

"चाची, घड्याळ रात्री कुठं असायचं?"

चाचींच्या तोंडावर समाधान दिसलं. त्यांनी कोपऱ्यातली लोखंडी पेटी उघडली. वर लग्नातला शालू, त्याखाली एक टोस्टचा डबा, डब्यात इस्त्री केलेला रुमाल. "हे बघ. यात ठेवत होते. तुझी अमानत होती बेटा. एक खरोच न्हाई आली ना?"

"नाही आली," मी म्हणाले.

"तुम्हीच म्हणल्या ना ताई, जपा म्हणून," मुलगी म्हणाली. "अब्बांनी सही केली होती."

"सही करून आल्यावर हिच्या अब्बांना चैन न्हाई पडली," चाची सांगू लागल्या. "म्हणले, रात्री हिचे हात मैद्यात जाते, डालडा लागते, पट्टा तुटला तर कॉलेजवाल्यांना काय तोंड दाखवायचं. मंग नऊला काम सुरू व्हायच्या आधी काढायचं, पेटीत बंद. सकाळी शाळेला जाताना घालायचं."

"रात्री काम?" मी विचारलं.

चाची थांबल्या. बोलता बोलता निसटून गेलं होतं. त्यांनी पेटीचं झाकण लावलं आणि त्यावरच बसल्या. मुलगी मला म्हणाली, "ताई, मी लिहिलं होतं की बाजूला. तुम्ही वाचलं न्हाई का?"

मग हळूहळू कळलं. मोठा भाऊ होता तोवर भट्टीचं काम तो आणि वडील बघायचे. भाऊ सहा महिन्यांपूर्वी जालन्याच्या सळईच्या कारखान्यात लागला. तेव्हापासून रात्री नऊ ते अकरा मैदा मळायला आई आणि ही. तीनला उठून टोस्ट कापायचे, दुसऱ्यांदा भाजायचे, पिशव्या भरायच्या. वडील साडेपाचला गाडीला पिशव्या टांगून गावं फिरायला निघाले की ही पुन्हा तासभर पडायची. साडेसातला सरांचा जादा तास. ते तिनं सगळं लिहिलं होतं. माझ्या कागदात झोप एकसलग असते असं धरलं होतं, आणि हिची झोप तुकड्यातुकड्यांची होती. त्यातला एक तुकडा शाळेत पडत होता.

"सरांनी बोलावलं होतं का?" मी विचारलं.

चाचींनी फळीवरच्या डब्याखालून घडी घातलेला कागद काढला. तो अर्ज. "उद्या सही करून आणा म्हणले. मशीन बोलली म्हणले, पोरगी दहा दहा घंटे झोपती. मी काय बोलणार बेटा? मीच तुला आठ सांगून बसले होते."

मुलीला त्या अर्जाबद्दल सांगितलेलं नव्हतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तिनं आईच्या हातातला कागद घेतला, पूर्ण वाचला, आणि परत दिला. रडली वगैरे नाही. "मंग मी शाळेत येणार न्हाई का?" एवढंच तिनं विचारलं, आणि ते आईला नाही, मला विचारलं.

मी म्हणाले, "मी उद्या सरांशी बोलते." माझा आवाज मलाच खोटा वाटला.

त्या संध्याकाळी मी उरलेल्या पाच घरी जाऊन आले. पाय ओढत होते. दोघांनी घड्याळ रात्री कपाटात ठेवलं होतं, कारण जपा म्हणून सांगितलं होतं. एका मुलाचे वडील ते घालून आष्टीला लग्नाला गेले होते आणि तीन दिवस तिकडंच राहिले होते. "पाहुण्यांनी लई ईचारलं, कुठलं घड्याळ म्हणून," असं त्यांनी मला कौतुकानं सांगितलं. म्हणजे मी एका मुलाच्या नावाखाली त्याच्या बापाची झोप मोजली होती, तीही लग्नघरातली. सहापैकी दोन घड्याळांनीच खरं मोजलं होतं. आणि ज्या डायरीवर मी विश्वास ठेवला नाही, ती एकच डायरी रोजच्या रोज लिहिलेली होती.

प्रकल्पाचं काय झालं ते इथंच सांगून टाकते. मी तो तसाच जमा केला. दोन घड्याळं खरी, चार खोटी, आणि का खोटी ते सविस्तर. जबाबदारीच्या सहीची ओळ मी स्वतः घातली होती हेही लिहिलं. मॅडमनी ते वाचून कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी घड्याळ देताना सांग, तुटलं तरी चालेल." मला पुढची वेळ येईल की नाही माहीत नाही.

ती रात्र मी मावशीकडं काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि चाची शाळेत गेलो. शाळेत शिरताना चाचींनी डोक्यावरचा पदर दोनदा सारखा केला. सर खुर्चीवर बसून वह्या तपासत होते. मी वाटेत पाठ केलेलं सगळं विसरले.

"सर, ते घड्याळ रात्री पेटीत होतं," मी म्हणाले.

"कुठल्या पेटीत?"

"त्यांच्या घरच्या. लोखंडी. माझीच चूक आहे सर. मीच जपा म्हणाले होते. तिची डायरीच खरी आहे."

सरांनी वहीतून मान वर केली. "म्हणजे नऊ तास चाळीस मिनिटं ती पेटी झोपली?"

मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. पेन वहीवर टाकून म्हणाले, "परवा मशीन खरं होतं. आज म्हणती मशीन खोटं, डायरी खरी. उद्या आणखी काय आणशील? अन् तिच्या आईनं आठ तास सांगितलेत, तुझ्याच कागदावर हाय ना ते? तिघांतले दोघं एक बोलून राह्यले, एकटी पोरगी येगळं बोलती. मी कुणाचं ऐकू?"

मी तीन पद्धती शेजारी शेजारी मांडल्या होत्या, पण त्या तीन साक्षीदारांसारख्या कुणाच्या विरोधात उभ्या राहतील असं मला कधी वाटलं नव्हतं. "सात दिवस पुन्हा मोजू सर," मी कसंबसं म्हणाले. "आता हातातून काढणार नाहीत." सरांनी मान हलवली, पण ती नाही म्हणून.

तेव्हा चाची बोलल्या. उभ्याच होत्या.

"सर, वो आठ मी झूठ सांगितलं."

सरांनी त्यांच्याकडं बघितलं.

"कोणती माय सांगंल सर, मी पोरीला तीन वाजता उठवते म्हणून? ही कॉलेजची पोरगी कागद घेऊन आली, माझ्या तोंडातून आठ निघून गेलं. पोरगी झोपत न्हाई सर. आम्ही झोपू देत न्हाई."

शेजारच्या वर्गात पाढे चालले होते.

"कधीपासून?" सरांनी विचारलं.

"पोरगा कारखान्यात लागला तेव्हापासून."

"मंग मला आधी का न्हाई सांगितलं तुम्ही? मी सहा महिने तिला वर्गात उभं करून राह्यलो."

"तुम्ही पुछलं न्हाई सर. तुम्ही म्हणले, आळशी हाय. मी म्हणलं, असंल."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग चाचींनाच बसायला खुर्ची दिली. चाची म्हणाल्या, तीन वाजताचं काम आता त्या एकट्या करतील, पोरगी सहाला उठेल. "तुमच्यानं एकटीनं व्हतं का ते?" सरांनी विचारलं. "करायला लागंल," चाची म्हणाल्या. मला त्यांची स्वतःची झोप किती ते विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही. त्यासाठी माझ्याकडं कागद नव्हता, आणि कागद नसताना विचारायची मला अजून सवय नाही.

सर हात पुढं करून म्हणाले, "तो अर्ज द्या." चाचींनी घडी उलगडून दिली. त्यांनी तो फाडला नाही. खणात ठेवला आणि खण लावला. "परीक्षा एप्रिलात हाय. पास झाली तर दहावीत बसंल, माझ्याच वर्गात. पण पास व्हायला पायजे. तिथं मला बी काही करता येणार न्हाई, आधीच सांगतो." चाचींनी मान हलवली. "अन् जादा तासाला नगं येऊ म्हणाव. तो एक तास झोपू द्या तिला. मी तिला दुपारी शिकवतो."

मग त्यांना वाटलं हे मुलीलाही समोरच सांगावं. त्यांनी दारातल्या शिपाई बाईंना हाक मारून तिला बोलवायला पाठवलं. बाई गेल्या आणि थोड्या वेळानं एकट्याच परत आल्या.

"सर, ती झोपलीय," बाई म्हणाल्या. "वर्गावरच्या मॅडमनी दोनदा हाक मारली, ऊठंना. हलवून उठवू का?"

सरांनी चाचींकडं बघितलं. चाची जमिनीकडं बघत होत्या.

"राहू द्या," सर म्हणाले. "मॅडमना सांगा, मी म्हणलो राहू द्या. मधल्या सुट्टीत पाठवा."

मधली सुट्टी व्हायला अजून पाऊण तास होता. चाची घरी जायला तयार नव्हत्या, आणि माझी जीप तशीही लगेच सुटणार नव्हती. आम्ही दोघी बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर घंटेची वाट बघत बसलो.